भिंतीला ओल आली तर: रंगाच्या डब्याआधी काय करावे

भिंतीवर ओलीचा डाग उमटला की बहुतेकांना आधी रंगकाम आठवते. पोपडे खरवडले जातात, पुट्टी ओढली जाते, त्यावर ओल अडवणारा म्हणून विकला जाणारा रंग चढतो आणि काही महिन्यांनी तोच डाग पुन्हा डोके वर काढतो, कधी त्याच जागी तर कधी हातभर सरकून. असे होते कारण डाग दिसतो ती जागा पाण्याच्या प्रवासाचा शेवट असते. पाणी आत शिरते ते दुसरीकडून, आणि ती जागा कधीकधी दोन खोल्या पलीकडे किंवा एक मजला वर असते.

ज्यांच्यावर हा प्रसंग प्रथमच आला आहे त्यांच्यासाठी कामाचा क्रम येथे दिला आहे. पाणी थांबवणे, त्याची वाट शोधणे, भिंत वाळू देणे, दुरुस्ती करणे आणि सर्वांत शेवटी रंग देणे, असा हा क्रम आहे. यातले शोधण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे असते आणि बहुतेक लोक नेमके तेच गाळतात, म्हणून या लेखातही सर्वाधिक जागा त्यालाच दिली आहे.

घरात पाणी साचले असेल तर

नळी फुटून किंवा छत गळून घरात पाणी साचले असेल, तर शोध नंतर घेता येईल. आधी वीज बंद करावी. पाणी प्लगच्या खोक्यापर्यंत किंवा जमिनीवरच्या तारांपर्यंत पोहोचले असेल तर त्या पाण्यात पाय घालू नये. मुख्य स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच तो स्वतः बंद करावा, अन्यथा वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवून बाहेरून बंद करून घ्यावा. त्यानंतर पाण्याचा मुख्य व्हॉल्व बंद करावा. हा व्हॉल्व कुठे आहे आणि तो फिरतो की जाम झाला आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीपासून माहीत असणे चांगले, कारण ऐन वेळी तो शोधण्यात गेलेली पंधरा मिनिटे फार महाग पडतात.

खोटे छत फुगून खाली आलेले दिसले तर त्याखाली कोणी उभे राहू नये. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते आणि अशा फुगवट्यात पाच-पन्नास लिटर पाणी सहज साठते.

आलेले पाणी कोणते आहे हेही पाहावे. नळाचे किंवा पावसाचे स्वच्छ पाणी असेल तर बहुतेक वस्तू वाळवून वाचवता येतात. सांडपाणी किंवा मैलापाणी असेल तर गाद्या, उशा, गालिचे आणि फुगलेले पार्टिकल बोर्डाचे सामान यांचा मोह सोडावा, आणि हातमोजे व बूट घातल्याशिवाय सफाईला लागू नये. विमा असेल तर काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवावेत. भिजलेली कागदपत्रे व पुस्तके त्याच दिवशी वाळवणे शक्य नसेल, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत. गोठल्यामुळे बुरशीची वाढ थांबते आणि ती सवडीने थोडी थोडी काढून वाळवता येतात.

या सगळ्या घाईचे कारण एकच आहे. ओल्या पृष्ठभागावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्याआत जे वाळेल त्याला बहुधा पुढे काही होत नाही.

पाणी भिंतीत कुठून येते

घरातल्या ओलीची कारणे मोजकी आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते. पावसाचे पाणी वरून किंवा बाहेरून झिरपते. नळाच्या किंवा सांडपाण्याच्या नळ्या गळतात. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते. आणि हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर निवते.

पावसाचे पाणी ओळखणे त्यातल्या त्यात सोपे आहे, कारण डाग पावसाशी बोलतो: सरीनंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी तो गडद होतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो. असे पाणी बहुधा गच्चीच्या भेगांतून, गच्ची व कठडा मिळतात त्या कोपऱ्यातून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून किंवा बाहेरच्या गिलाव्याच्या तड्यांतून येते. तुंबलेली पन्हळ हेही फार नेहमीचे कारण आहे. पन्हळीतले पाणी भिंतीवरून ओघळत राहते आणि घरातली माणसे मात्र आतल्या बाजूने पुट्टी लावत बसतात.

नळ्यांची गळती ओळखताना एक भेद लक्षात ठेवावा. पुरवठ्याच्या नळीत पाणी सतत दाबाखाली असते, म्हणून ती गळत असेल तर दिवसरात्र गळते आणि डाग संथपणे पण न थांबता वाढतो. सांडपाण्याची नळी, नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचा) सांधा किंवा फरशीखालचा खराब झालेला थर मात्र वापर होईल तेव्हाच पाणी सोडतो, त्यामुळे डाग सकाळी आंघोळीनंतर ओला आणि रात्री त्याहून कोरडा वाटतो.

जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावरच आढळते. विटा, दगड, चुना व सिमेंट यांच्यातल्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर ओढले जाते. ही ओल बहुधा जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत चढते आणि तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढुरकी, वेडीवाकडी रेघ उमटते. त्या पट्ट्यात गिलावा भुसभुशीत होतो आणि बोट फिरवले तर पांढरी भुकटी हाताला लागते. भिंतीला लोणा लागला असे म्हणतात तो हाच प्रकार. याउलट छतालगतच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या डागाला कोणी जमिनीची ओल म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे, कारण त्यात बाहेरून पाणी येतच नाही. उबदार हवा जास्त बाष्प धरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, तर २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम. हवा थंड पृष्ठभागाला टेकली की जास्तीचे बाष्प तेथे थेंब होऊन बसते. खोलीचे तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर सुमारे १७ अंशांपेक्षा थंड असलेल्या काचेला किंवा भिंतीला घाम फुटतो. बाहेरच्या भिंतीचे कोपरे, कपाटाची पाठ, पलंगामागची जागा आणि वातानुकूलित खोलीच्या भिंतीची पलीकडची बाजू येथे हे आधी दिसते. या ओलीला ठळक कडा नसते आणि लोणाही नसतो, पण काळे ठिपके भरपूर असतात. स्वयंपाकाची व आंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या हे तिचे नेहमीचे साथीदार आहेत.

नव्या घरात आणखी एक शक्यता असते. बांधकामात, गिलाव्यात आणि त्यांवर मारलेल्या पाण्यात मुरलेली ओल बाहेर पडायला कित्येक महिने लागतात. अशा घरात पहिल्या वर्षी कपाटे भिंतीला चिकटवणे किंवा भिंतींवर प्लॅस्टिकचा कागद चढवणे टाळावे.

शोध कसा घ्यावा

शोधासाठी लागणारे पहिले साधन म्हणजे पेन्सिल. डागाच्या कडेवरून हलकी रेघ ओढावी, तिच्याशेजारी तारीख लिहावी आणि दर आठवड्याला असेच करावे. वहीत त्या दिवशीचा पाऊस, घरातला पाण्याचा वापर आणि खिडक्या उघड्या होत्या की बंद, एवढे टिपावे.

ही सवय मला एका स्क्रूने लावली. न्हाणीघराला लागून असलेल्या माझ्या खोलीच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला ताटाएवढा डाग होता. न्हाणीघराच्या फरशीचे सांधे दोनदा भरून झाले, भिंत तीनदा रंगवून झाली, तरी डाग हटेना. मग पेन्सिलीची कडी सुरू झाली. दहा दिवस घर बंद ठेवून परत आलो तेव्हा डाग शेवटच्या कड्याबाहेर चार बोटे गेलेला होता. न्हाणीघर दहा दिवस कोरडे होते आणि पाऊसही नव्हता, म्हणजे पाणी पुरवठ्याच्या नळीतूनच येत असणार, हे तेव्हा लख्ख कळले. भिंत फोडली तेव्हा टॉवेलच्या दांडीसाठी मारलेला स्क्रू नळीत घुसलेला दिसला. त्या स्क्रूनेच भोक बुजवून ठेवले होते, आणि तो गंजून झिजला तेव्हा गळती सुरू झाली. स्क्रू मीच मारला होता, त्यामुळे कोणाला बोल लावण्याचीही सोय राहिली नाही.

पुरवठ्याच्या नळीचा संशय असेल तर आणखी एक सोपी तपासणी करता येते. घरातले सगळे नळ बंद करावेत, टाकीत किंवा यंत्रात पाणी भरले जात नाही याची खात्री करावी आणि पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा. दोन तासांनी आकडा पुढे सरकलेला असेल तर मीटरनंतर कुठेतरी पाणी वाया जात आहे. शौचालयाच्या फ्लशटाकीचा संशय असेल तर तीत थोडा खाण्याचा रंग टाकून फ्लश न करता अर्धा तास थांबावे. रंग भांड्यात उतरला तर टाकीची झडप गळते आहे.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे पाहण्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिकचा किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा हात-दीड हात लांबी-रुंदीचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतले बाष्प निवते आहे, आणि भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे. दोन्हीकडे थेंब असतील तर दोन्ही कारणे एकत्र असू शकतात, आणि असे वाटते त्यापेक्षा अधिक वेळा घडते.

खिडकी किंवा बाहेरची भिंत तपासताना नळीने पाणी मारावे, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे आणि प्रत्येक टप्प्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. एकदम वरून पाणी सोडले तर ते सगळ्याच फटींवरून ओघळते आणि नेमकी कोणती फट गळकी आहे ते कळत नाही.

गच्ची आणि न्हाणीघराची फरशी पाणी साठवून तपासण्याची पद्धत आहे. निचऱ्याचे तोंड बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरायचे, पातळीची खूण करायची आणि किमान २४ तास खालचे छत पाहत राहायचे. न्हाणीघरापुरते हे घरच्या घरी करण्यास हरकत नाही. गच्चीच्या बाबतीत मात्र आधी हिशेब करावा: वीस चौरस मीटर गच्चीवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. छत जुने असेल किंवा त्यातून गंजाचे ओघळ दिसत असतील, तर अभियंत्याला विचारल्याशिवाय असे पाणी साठवू नये.

ओल मोजणारे दोन टाचण्यांचे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते मुख्यतः लाकडासाठी बनवलेले असते आणि लोणा लागलेल्या भिंतीवर क्षारांमुळे आकडा फुगवून दाखवते. त्या आकड्याला फार महत्त्व न देता, एकाच भिंतीवर डागाजवळ आणि डागापासून लांब किती फरक पडतो, एवढ्यापुरतेच ते वापरावे.

वाळवणे

वाट सापडून ती बंद झाली की लगेच गिलावा करण्याची घाई होते, आणि ती नडते. भिंतीच्या जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने पूर्ण भिजलेली नऊ इंची वीटभिंत वाळायला नऊ महिने लागू शकतात. गळती थोडी असेल आणि हवा खेळती असेल तर वेळ कमी लागतो, पण आठवड्याभरात भिंत कोरडी झाली असे सांगणारा माणूस फक्त तिच्या कातडीबद्दल बोलत असतो.

सुटलेले पोपडे, बद्द आवाज करणारा गिलावा आणि फुगलेली पुट्टी काढून टाकावी, म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो. पंखा भिंतीला समांतर ठेवावा. तीव्र उष्णतेचा झोत मारू नये, कारण त्याने वरचा थर आधी वाळून तडकतो आणि आतली ओल तशीच राहते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्यात. दमट दिवशी थंड तळमजल्याच्या खिडक्या उघडल्या तर बाहेरचे बाष्प आत येऊन फरशीवर निवते आणि काम उलटे होते. आर्द्रता शोषणारे विजेचे यंत्र लावले असेल तर दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, नाहीतर ते बाहेरची हवा कोरडी करत बसते. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असा प्रयत्न असावा, आणि त्यासाठी एक साधे आर्द्रतामापक पुरते.

भिजलेल्या लाकडाकडे वेगळे लक्ष द्यावे. त्यातली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर ते कुजू लागते. चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत गेले तर तेवढा भाग बदलावाच लागतो.

बुरशी

बुरशी साधारण एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेत असेल तर ती घरच्या घरी काढता येते. एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडकी उघडावी आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी, लहान मुलांनी व वृद्धांनी त्या खोलीत थांबू नये. कोरडी बुरशी झाडू नये, कारण तिचे बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ती ओली करून घासावी, पुसावी आणि जागा पूर्ण वाळवावी. ब्लीचविना हे होणारच नाही असा समज आहे, पण सच्छिद्र गिलाव्यात ब्लीच खोलवर पोहोचत नाही आणि भिंत ओली राहिली तर बुरशी परत येतेच. ब्लीच वापरायचेच असेल तर ते अमोनिया किंवा आम्लयुक्त शौचालय-सफाईच्या द्रवासोबत कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

दुरुस्ती

कारणानुसार दुरुस्ती बदलते, आणि शक्य तेथे ती पाणी शिरते त्या बाजूनेच करावी. आतून लावलेल्या थराला मागून येणारे पाणी ढकलत राहते आणि शेवटी तो सुटतोच.

गच्चीसाठी आधी निचऱ्याची तोंडे साफ करावीत आणि उतार पाहावा. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार नसेल तर पाणी साचत राहते आणि वरचा कोणताही लेप फार दिवस टिकत नाही. कठडा व गच्ची यांच्या कोपऱ्यात गवंडी गोलाई देतात, जिला ते वाटा म्हणतात. ती तडकलेली असेल तर टाचे मारून, म्हणजे खालचा पृष्ठभाग टोचून खडबडीत करून, नवी करून घ्यावी. भेगा रुंद करून, झाडून मगच भराव्यात, आणि वॉटरप्रूफिंगचा लेप पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर, कठड्याच्या भिंतीवरही वीतभर चढवून द्यावा. खिडकीच्या उंबऱ्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा आणि त्याच्या पुढे आलेल्या कडेखाली एक आडवी खाच असावी, म्हणजे थेंब तेथे तुटून खाली पडतो, भिंतीकडे परत वळत नाही. बोटाच्या पेराएवढ्या या खाचेअभावी कितीतरी भिंती भिजतात.

न्हाणीघरात फरशांमधले सांधे पुन्हा भरून काम भागते की नाही, हे वरच्या चाचणीवरून ठरते. फरशीखालचा थरच गेला असेल तर सांधे भरणे म्हणजे फक्त दिवस ढकलणे होय. फरशी उचलून, ट्रॅपचा सांधा पाहून, थर नव्याने घालावा लागतो.

जमिनीच्या ओलीसाठी महागडे उपाय सुचवले जातात, त्याआधी घराबाहेर जाऊन पाहावे. भिंतीला टेकून मातीचा ढीग, फुलांचा वाफा किंवा नवा फरसबंद रस्ता आला असेल आणि जोत्यातला ओलरोधक थर त्याखाली गाडला गेला असेल, तर ती माती हटवणे हाच उपाय असतो. बाहेरची जमीन या थरापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली असावी आणि तिचा उतार घरापासून दूर जाणारा असावा. एवढे करून एक वर्ष पाहावे. त्यानंतरही लोणा येत राहिला तर भिंतीत रसायन टोचून नवा ओलरोधक थर तयार करण्याचा विचार करावा. लोण्याची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावी. ती पाण्याने धुतली तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.

हवेतल्या ओलीवर गवंड्याची गरज नसते. स्वयंपाक व आंघोळीच्या वेळी आणि नंतर अर्धा तास वाफ बाहेर टाकणारा पंखा चालवावा, कपाटे भिंतीपासून चार-पाच बोटे पुढे ओढावीत आणि कपडे शक्य तो बाहेर वाळवावेत.

एक काम मात्र स्वतः करू नये. छताचा किंवा तुळईचा काँक्रीटचा पापुद्रा सुटून आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर प्रश्न ओलीच्या पुढे गेलेला असतो. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडत जातो. वरून गिलावा लिंपल्याने ते झाकले जाते, थांबत नाही. अशा वेळी संरचना अभियंत्यालाच बोलवावे.

शेवटी रंग

पेन्सिलीची कडी दोन महिने हलली नाहीत आणि डागाजवळचा व लांबचा आकडा सारखा झाला की मगच पुट्टी आणि रंग काढावा. बाहेरच्या आणि तळमजल्याच्या भिंतींना बाष्प बाहेर जाऊ देणारा रंग द्यावा. तेलरंगाखाली उरलीसुरली ओल अडकते आणि फोड धरते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवण्याचेही टाळावे. चुन्याला चुन्याचीच सोबत मानवते.

रंग झाल्यावर त्या जागेसमोर लगेच कपाट लावू नये. पुढच्या पावसात ती जागा उघडी ठेवावी आणि मोठ्या सरीच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावरून हाताची पाठ फिरवावी. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला गारवा आधी कळतो.